नऊ दिवसांची राणी

लंडन शहरांतील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयांत एक मोठें तैलचित्र आहे. त्याच्यासमोर आलेला प्रेक्षक सहसा घाईनें पुढें जात नाहीं. चित्राची उंची सुमारें आठ फूट असून रुंदी दहा फुटांस थोडीशी कमी आहे, त्यामुळें त्यांतील माणसें जवळजवळ खऱ्या माणसांएवढीं दिसतात. मागें काळोख, दगडी खांब व कमानी आहेत. मधोमध शुभ्र रेशमी वस्त्र नेसलेली एक तरुण मुलगी गुडघे टेकून बसली आहे. तिच्या डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेली आहे. हात पुढें करून ती कांहीं तरी चांचपडत आहे, आणि तिच्या बोटांपासून अगदीं थोड्या अंतरावर एक लांकडी ठोकळा आहे. त्यावर तिला आपली मान ठेवावयाची आहे. एक वयस्कर सरदार वांकून तिला हळुवारपणें तिकडे नेत आहे. एका बाजूस तिच्या दोन सख्या आहेत. एकीनें भिंतीकडे तोंड फिरविलें आहे व दुसरी भान हरपून खालीं बसली आहे. दुसऱ्या बाजूस जल्लाद कुऱ्हाड घेऊन उभा आहे. जमिनीवर पेंढा पसरला आहे. तो कशासाठीं, हें सांगावयास नकोच.

हें चित्र पॉल दलारोश ह्या फ्रेंच चित्रकारानें १८३३ सालीं पुरें केलें व १८३४ सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत तें मांडण्यांत आलें. तें पाहावयास लोकांची अतोनात गर्दी लोटली. त्याचें कारण उघड होतें. चित्रांतील प्रसंग इंग्लंडांतील खरा, पण आपला राजा सोळावा लुई व त्याची राणी मारी आन्त्वानेत ह्यांचा शिरच्छेद फ्रेंच लोकांनीं १७९३ सालीं स्वतःच्या देशांत पाहिला होता. ती जखम भरून आली नव्हती. परक्या देशांतील जुन्या दुःखाच्या निमित्तानें त्यांनीं आपल्या घरचे अश्रु गाळले.

ज्या मुलीचें हें चित्र आहे, ती इंग्लंडची राणी होती. परंतु तिचें राज्य अवघे नऊ दिवस टिकलें. तिचें नांव लेडी जेन ग्रे. मृत्युसमयीं तिचें वय सोळा-सतरा वर्षांचें, म्हणजे आपल्या शाळेंतील वरच्या वर्गांतील मुलामुलींएवढेंच होतें. एवढ्या अल्प आयुष्यांत चरित्र लिहिण्याजोगें काय घडलें असेल, असें कोणास वाटेल. परंतु आयुष्याची किंमत त्याच्या लांबीवर ठरत नाहीं, हें ह्या मुलीच्या कथेवरून चांगलें कळून येतें.

जेनचा जन्म १५३७ सालच्या सुमारास झाला. तिचा बाप हेन्री ग्रे हा डॉर्सेटचा मार्क्विस असून पुढें सफकचा ड्यूक झाला. आई फ्रान्सिस ही आठव्या हेन्री राजाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. म्हणजे जेन ही राजाच्या बहिणीची नात होय. तिच्या पाठीवर कॅथेरिन व मेरी अशा दोन बहिणी होत्या, भाऊ नव्हता. लेस्टरशायर परगण्यांत ब्रॅडगेट येथें त्यांचा मोठा वाडा होता. वाड्याभोंवतीं विस्तीर्ण उपवन असून त्यांत हरणें होतीं व घरांतील मंडळी नित्य शिकारीला जात असत. धन, मान, नोकरचाकर, कशाचीच उणीव नव्हती. अंगांतील राजरक्त हीच काय ती त्या मुलीची उणीव ठरावयाची होती.

त्या काळीं युरोपांत दोन मोठ्या चळवळी चालू होत्या. एक प्राचीन ग्रीक व लॅटिन विद्येचें पुनरुज्जीवन, आणि दुसरी धर्मसुधारणा. दोहोंचाही ठसा जेनच्या बालपणावर उमटला. तिला जॉन एल्मर नांवाचे एक तरुण व विद्वान् शिक्षक लाभले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच व इटालियन ह्या भाषांचा तिनें लहानपणींच अभ्यास केला. पुढें जुना करार मूळ भाषेंत वाचतां यावा म्हणून तिनें हिब्रूलाही हात घातला. झूरिक येथील धर्मसुधारक हाइनरिख बुलिंगर ह्यांच्याशीं ती लॅटिन भाषेंत पत्रव्यवहार करीत असे. तिनें त्यांना लिहिलेलीं पत्रें झूरिक शहरांत जपून ठेवण्यांत आलीं आहेत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनें परदेशांतील पंडिताला पंडितांच्या भाषेंत लिहावें, ही गोष्ट त्या काळींसुद्धां असामान्यच होती.

तिच्या विद्याव्यासंगाची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. रॉजर आस्कम हे त्या काळचे नामांकित शिक्षक; राजकन्या एलिझाबेथ हिला त्यांनींच शिकविलें होतें. १५५० सालीं ते ब्रॅडगेट येथें गेले असतां त्यांना आढळलें कीं, घरचीं सारीं माणसें शिकारीला गेलीं आहेत आणि जेन एकटी आपल्या खोलींत प्लेटोचा 'फीडो' हा ग्रंथ मूळ ग्रीक भाषेंत वाचीत बसली आहे. असली करमणूक सोडून तूं येथें कां बसलीस, असें त्यांनीं सहज विचारलें. तेव्हां त्या मुलीनें उत्तर दिलें कीं, ह्या ग्रंथांत मला जो आनंद मिळतो, त्याची शिकारीची मौज ही नुसती छाया होय.

पण एवढ्यावरच ती थांबली नाहीं. ही गोडी तुला कशी लागली, असें विचारतां तिनें आपल्या घरची हकीगत सांगितली. आईबापांसमोर बोलणें, गप्प बसणें, खाणें, शिवणें, नाचणें, कांहींही असो, तें देवानें सृष्टि निर्माण केली तितकें निर्दोष झालें पाहिजे; नाहीं तर रागावणें, चिमटे काढणें व मारणें हें ठरलेलेंच. मात्र एल्मर गुरुजींकडे जाण्याची वेळ आली म्हणजे तिला सुटल्यासारखें वाटे. ते इतक्या गोडीनें व सौम्यपणें शिकवीत कीं, त्यांच्यापाशीं वेळ कसा गेला हें तिला कळत नसे. आणि तेथून परत येतांना तिला रडें कोसळे.

ही हकीगत आस्कम ह्यांनीं 'शाळामास्तर' ह्या अर्थाच्या नांवाच्या आपल्या पुस्तकांत दिली आहे. तें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १५७० सालीं छापून निघालें. छडीच्या धाकानें विद्या येत नाहीं, हें त्यांना त्यांत सिद्ध करावयाचें होतें, म्हणून त्यांनीं ह्या प्रसंगाला थोडा उठाव दिला असावा, असें अलीकडच्या इतिहासकारांचें म्हणणें आहे. तें कसेंही असो. जेन त्या वेळीं जो ग्रंथ वाचीत होती, त्यांत अन्यायानें मरणदंड पावलेल्या सॉक्रेटिसाच्या अखेरच्या दिवसाचें वर्णन आहे. विषाचा पेला हातीं येईपर्यंत तो ज्ञानी पुरुष आत्म्याच्या अमरत्वाविषयीं आपल्या शिष्यांशीं शांतपणें बोलत राहिला. हा पाठ ती मुलगी केवळ तोंडपाठ करीत नव्हती, हें पुढें चार वर्षांच्या आंतच दिसून आलें.

ब्रॅडगेटच्या आधीं कांहीं काळ जेनला खरें सुख मिळालें होतें. १५४७ सालीं आठवा हेन्री मरण पावला. त्याची विधवा राणी कॅथेरिन पार हिच्या घरीं जेनला ठेवण्यांत आलें. ही राणी स्वतः सुशिक्षित, धर्मशील व मायाळू होती. परंतु १५४८ च्या सप्टेंबरांत बाळंतपणानंतर तिचा अंत झाला. तिच्या अंत्यविधीच्या वेळीं शोक करणाऱ्यांत अग्रभागीं चालण्याचा मान अकरा वर्षांच्या जेनला मिळाला. जी माया मिळाली ती अशी दीड वर्षांत आटोपली. राणीचा चौथा पति टॉमस सीमूर ह्यानें तर जेनच्या आईबापांशीं पैशाचा करार करून तिचें पालकत्व आपल्याकडे ठेविलें होतें. तिचें लग्न बाल राजा सहावा एडवर्ड ह्याच्याशीं लावून देण्याचें आमिष त्यानें दाखविलें होतें. राजद्रोहाच्या आरोपावरून १५४९ सालीं त्याचाच शिरच्छेद झाला आणि जेन पुन्हां ब्रॅडगेटला आली. मोठ्यांच्या पटावरील सोंगटी होण्याचा तिचा हा पहिला प्रसंग, शेवटचा नव्हे.

आतां त्या वेळचें राजकारण थोडक्यांत पाहिलें पाहिजे. आठव्या हेन्रीला तीन मुलें होतीं: मेरी, एलिझाबेथ व एडवर्ड. आपल्यामागें प्रथम एडवर्डनें, तो निपुत्रिक गेल्यास मेरीनें व तिच्यामागें एलिझाबेथनें राज्य करावें, अशी व्यवस्था त्यानें पार्लमेंटच्या कायद्यानें व मृत्युपत्रानें करून ठेविली होती. त्याप्रमाणें एडवर्ड नवव्या वर्षीं गादीवर बसला. तो बुद्धिमान् असून प्रॉटेस्टंट मताचा कट्टा अभिमानी होता. त्याच्या नांवानें खरा कारभार अखेरीस नॉर्थंबरलंडचा ड्यूक जॉन डडली ह्याच्या हातीं आला. १५५३ च्या आरंभीं राजा क्षयासारख्या दुखण्यानें अंथरुणास खिळला. त्याच्यामागें मेरी राणी झाली असती. ती रोमन कॅथॉलिक मताची. ती आली म्हणजे धर्मसुधारणेचें कार्य संपेल ही राजाला चिंता, आणि आपली सत्ता संपेल ही नॉर्थंबरलंडला चिंता. एकाची धर्माविषयींची कळकळ व दुसऱ्याचा लोभ हीं दोन्ही एका वाटेनें चालूं लागलीं. अशी सोबत नेहमींच घातक असते.

१५५३ च्या मे महिन्यांत नॉर्थंबरलंडचा मुलगा गिल्डफर्ड ह्याच्याशीं जेनचें लग्न लावण्यांत आलें. त्याच समारंभांत तिची बहीण कॅथेरिन हिचेंही लग्न दुसऱ्या एका बलाढ्य सरदाराच्या मुलाशीं झालें. इकडे मरणोन्मुख राजानें स्वतःच्या हातानें वारसाचा एक नवा लेख तयार केला. त्यांत प्रथम राज्य जेनच्या पुत्रांना मिळावें असें होतें. पण जेनला पुत्र होईपर्यंत राजा जगण्याचें चिन्ह दिसेना. तेव्हां दोन-तीन शब्दांचा फेरफार करून राज्य जेनला व तिच्या पुत्रांना मिळावें असें करण्यांत आलें. एवढ्याशा दुरुस्तीनें एका मुलीचें भवितव्य ठरून गेलें. पार्लमेंटची संमति ह्या लेखाला मिळालेली नव्हती. ६ जुलै १५५३ रोजीं एडवर्ड वारला. त्या वेळीं तो पंधरा वर्षांचा होता.

तीन दिवसांनंतर जेनला थेम्स नदीच्या कांठावरील सायन येथील वाड्यांत नेण्यांत आलें. तेथें देशांतील मोठमोठे सरदार जमले होते. ते तिच्यापुढें गुडघे टेकूं लागले, तेव्हां ती गोंधळून गेली. राजा वारल्याचें व तीच आतां राणी असल्याचें तिला सांगण्यांत आलें. तें ऐकून ती जमिनीवर कोसळली व मोठ्यानें रडूं लागली. हा हक्क माझा नव्हे, मेरीचा आहे, असें तिनें स्पष्ट सांगितलें. परंतु बाप, आई, सासरा, सासू व सारे मंत्री एका बाजूस आणि ती एकटी दुसऱ्या बाजूस! अखेरीस, हें राज्य न्यायानें माझें असेल तर तें तुझ्या गौरवार्थ चालविण्याची शक्ति दे, अशी देवाची प्रार्थना करून तिनें मान तुकविली.

१० जुलैला तिला वाजतगाजत लंडनच्या टॉवरमध्यें नेलें. हा टॉवर म्हणजे एक प्रचंड किल्ला. त्या काळीं तो एकाच वेळीं राजवाडा होता, खजिना होता आणि तुरुंगही होता. राणी म्हणून त्याच्या दारांतून आंत गेलेली जेन त्याच्या बाहेर पुन्हां एकदांच आली, व तीही कैदी म्हणून. शहरांत तिच्या नांवाची द्वाही फिरली, पण लोकांनीं जयघोष केला नाहीं. लोक धर्मानें प्रॉटेस्टंट असोत वा कॅथॉलिक. हक्काची वारस मेरी, हें त्यांना कळत होतें.

ह्या नऊ दिवसांत जेन अगदींच बाहुली होऊन बसली होती असें मात्र नाहीं. खजिनदार राजमुकुट घेऊन आला व गिल्डफर्डसाठींही एक मुकुट करवितां येईल असें म्हणाला. तेव्हां ती सावध झाली. आपल्या नांवानें राज्य दुसऱ्याच घराण्याला बळकावयाचें आहे, हें तिच्या ध्यानांत आलें. नवऱ्याला मी ड्यूक करीन, पण पार्लमेंटच्या अनुमतीवांचून राजा करणार नाहीं, असें तिनें बजावलें. सासू संतापली, नवरा रुसला. पण तिनें आपला निश्चय सोडला नाहीं. सिंहासन तिनें मागितलें नव्हतें. परंतु त्यावर बसल्यावर कायद्याची मर्यादा ओळखणारी त्या वाड्यांत तीच एक होती.

इकडे मेरी पूर्वेकडील परगण्यांत निसटून गेली होती. तिच्याभोंवतीं हजारों माणसें जमूं लागलीं. नॉर्थंबरलंड सैन्य घेऊन तिच्यावर चालून गेला आणि त्याची पाठ फिरतांच लंडनमधील मंत्र्यांचा धीर सुटला. ज्यांनीं जेनपुढें गुडघे टेकले होते, त्यांनींच १९ जुलै रोजीं मेरीच्या नांवानें द्वाही फिरविली. आतां मात्र शहरांतील घंटा वाजूं लागल्या व चौकाचौकांत आनंदाच्या होळ्या पेटल्या. बापानें आपल्या हातानें जेनच्या डोक्यावरील राजछत्र फाडून काढलें व तिचें राणीपण संपल्याचें तिला सांगितलें, अशी कथा आहे. हें सोडतांना मला घेतांना झालें त्यापेक्षां पुष्कळ अधिक समाधान होत आहे, असें ती म्हणाली. आणि आतां आपल्याला घरीं जातां येईल काय, एवढेंच तिनें विचारलें. पण घरचा रस्ता बंद झाला होता.

मेरी राणी सूडबुद्धीनें पेटलेली नव्हती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. नॉर्थंबरलंडला २२ ऑगस्टला देहांत शिक्षा झाली. मरणापूर्वीं त्यानें आपलें प्रॉटेस्टंट मत सोडून दिलें. ज्या धर्माच्या नांवानें त्यानें सारा उद्योग आरंभिला, तो धर्म त्याला दीड महिनाही पुरला नाहीं. जेनच्या बापाला राणीनें क्षमा केली. जेनला टॉवरमधील एका अधिकाऱ्याच्या घरीं पुस्तकें व सख्या ह्यांच्यासह ठेवण्यांत आलें. १३ नोव्हेंबर रोजीं गिल्डहॉलमध्यें तिची, तिच्या पतीची व आर्चबिशप क्रॅन्मर ह्यांची चौकशी झाली. काळीं वस्त्रें परिधान केलेली, हातांत प्रार्थनेचें पुस्तक घेतलेली ती मुलगी रस्त्यानें चालत गेली व मरणाची शिक्षा ऐकून तशीच शांतपणें परत आली. ही शिक्षा अमलांत आणण्याचा मेरीचा विचार नव्हता. कांहीं काळानें जेन सुटेल, असेंच सर्वांस वाटत होतें.

ती सुटली नाहीं, ह्याचें कारण तिचा बापच होय. मेरी स्पेनच्या फिलिपशीं लग्न करणार, ह्या बातमीनें लोक क्षुब्ध झाले आणि १५५४ च्या आरंभीं सर टॉमस वायट ह्यानें बंड उभारलें. मुलगी तुरुंगांत राणीच्या दयेवर जगत असतांना सफकचा ड्यूक त्या बंडांत सामील झाला! बंड मोडलें. जेन जिवंत आहे तोंवर तिच्या नांवानें कोणी तरी उठेल, असें मंत्र्यांनीं राणीच्या मनावर बिंबविलें. ज्या बंडाची जेनला वार्ताही नव्हती, त्याबद्दल तिचें मरण ठरलें.

तरीसुद्धां तिचा आत्मा तरी वांचावा ह्या हेतूनें मेरीनें आपले धर्मगुरु जॉन फेकनम ह्यांना तिच्याकडे पाठविलें. शिक्षेचा दिवसही कांहीं पुढें ढकलण्यांत आला. फेकनम हे सुस्वभावी व विद्वान् होते. विश्वास व सत्कृत्यें, संस्कारांची संख्या, प्रभुभोजनाचा अर्थ ह्या विषयांवर त्यांचा व जेनचा वाद झाला व तो पुढें छापलाही गेला. एका बाजूस चाळिशीकडे झुकलेला पंडित, दुसऱ्या बाजूस मरणाच्या दारांतील मुलगी. पण शास्त्रवचनांचा आधार देतांना ती कोठेंही अडखळली नाहीं. तिचें मत पालटलें नाहीं. फेकनम ह्यांचा तिच्याविषयींचा आदर मात्र वाढला. वधस्थानापर्यंत तुमच्या सोबतीला येऊं काय, असें त्यांनीं विचारलें व तिनें तें मान्य केलें. दोन भिन्न मतांचीं माणसें त्या अखेरच्या वाटेवर बरोबर चालत गेलीं, ही गोष्ट मला त्या सगळ्या कठोर काळांत फार सुंदर वाटते.

शेवटच्या दिवसांत तिनें कांहीं पत्रें लिहिलीं. बहीण कॅथेरिन हिला तिनें आपला ग्रीक नवा करार भेट म्हणून पाठविला व त्याच्या कोऱ्या पानांवर उपदेशाचें पत्र लिहिलें. बाहेरून ह्या पुस्तकाला सोन्याची मढवणी नसली तरी आंत तें रत्नांहून मोलाचें आहे, असा त्याचा आशय होता. बापालाही तिनें लिहिलें. त्याच्यामुळेंच मरण जवळ आलें हें तिनें लपविलें नाहीं, पण त्यांत राग नव्हता. उलट तिनें त्याचेंच सांत्वन केलें. तिचें लहानसें प्रार्थनेचें पुस्तक लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आहे. त्याच्या समासांत तिच्या हातच्या ओळी अद्याप वाचावयास मिळतात.

१२ फेब्रुवारी १५५४ चा दिवस उजाडला. शेवटची भेट व्हावी अशी गिल्डफर्डची इच्छा होती. भेटीनें दोघांचेंही दुःख वाढेल, आपण लवकरच अधिक चांगल्या ठिकाणीं भेटूं, असा निरोप तिनें पाठविला. सकाळीं त्याला टॉवरबाहेरील टेकडीवर नेण्यांत आलें. थोड्या वेळानें त्याचें प्रेत गाडींतून परत आलेलें तिनें पाहिलें. मग तिची वेळ आली. किल्ल्याच्या आंतील हिरवळीवर चबुतरा उभारला होता. टॉवरचे अधिकारी सर जॉन ब्रिजिस ह्यांच्याबरोबर, हातांतील पुस्तक वाचीत ती तेथें गेली. जमलेल्या लोकांना तिनें थोडक्यांत सांगितलें कीं, राणीविरुद्ध झालेलें कृत्य बेकायदेशीर होतें व तें मीं स्वीकारलें हा माझा दोष. परंतु त्याची इच्छा मीं कधींही केली नव्हती. आपण ख्रिस्ताच्या पुण्यावर भिस्त ठेवून मरत आहों, ह्याची त्यांना साक्ष राहावी, असेंही ती म्हणाली. मग गुडघे टेकून तिनें एकावन्नावें स्तोत्र आरंभापासून शेवटपर्यंत म्हटलें. हातमोजे व रुमाल सखीला दिले आणि पुस्तक ब्रिजिस ह्यांच्यासाठीं त्यांच्या भावाच्या हवालीं केलें. जल्लादानें क्षमा मागितली व तिनें ती मनापासून केली. डोळ्यांवर पट्टी तिनें स्वतःच बांधली. ठोकळा हाताला लागेना, तेव्हां क्षणभर ती घाबरली व तो कोठें आहे असें विचारूं लागली. जवळच्या एकानें तिला हात धरून तेथें नेलें. प्रभूनें वधस्तंभावर केलेल्या शेवटच्या प्रार्थनेच्या शब्दांत तिनें आपला आत्मा देवाच्या हातीं सोंपविला, आणि सारें संपलें. किल्ल्यांतील लहानशा देवळांत तिचें दफन झालें. अकरा दिवसांनीं तिच्या बापाचाही शिरच्छेद झाला.

आतां पुन्हां त्या चित्राकडे पाहूं. प्रसंग उघड्या हवेंत घडला. चित्रांत तो तळघरासारख्या काळोख्या जागीं दाखविला आहे. जेननें काळीं वस्त्रें घातलीं होतीं असें समकालीन लोक सांगतात. चित्रांत तीं पांढरीं आहेत. तिच्या शेजारीं असलेले फेकनम चित्रांत नाहींतच. चित्रकाराला हें ठाऊक नसेल असें नाहीं. पण त्याला एक निष्पाप कोंकरूं दाखवावयाचें होतें, म्हणून त्यानें सारा प्रकाश त्या शुभ्र वस्त्रावर व त्या चांचपडणाऱ्या हातांवर एकवटला. कलेला एवढी मोकळीक असते. जेनचें तिच्या हयातींत काढलेलें निर्विवाद असें एकही चित्र उपलब्ध नसल्यामुळें जगाच्या डोळ्यांपुढें आज तिचें हेंच रूप आहे. परंतु चित्रकारानें तिच्या आयुष्यांतील एकच क्षण निवडला, आणि तो तिच्या असहायतेचा. तिला दिसेनासें झालें तें केवळ त्या एका क्षणापुरतें. एरव्हीं राजे, मंत्री, आईबाप, सासरा ह्या साऱ्यांच्या डोळ्यांवर लोभाची वा भयाची पट्टी असतांना आपल्यापुढें काय आहे हें स्वच्छ पाहणारी तीच होती.

ह्या चित्राची पुढील कथाही सांगण्याजोगी आहे. अनेक धनिकांच्या हातून तें १९०२ सालीं ब्रिटिश राष्ट्राला देणगी म्हणून मिळालें. १९२८ च्या जानेवारींत थेम्स नदीला मोठा पूर आला व टेट चित्रशाळेच्या तळमजल्यांत पाणी शिरलें. त्यांत हें चित्र नष्ट झालें असें समजून सर्वांनीं त्याचा नाद सोडला. पुढें १९७३ सालीं एक अभ्यासक दुसरेंच हरवलेलें चित्र शोधीत असतां गुंडाळून ठेविलेल्या कापडांत तें सांपडलें, आणि तेंही उत्तम स्थितींत! १९७५ पासून तें पुन्हां लोकांस पाहावयास मिळूं लागलें. पंचेचाळीस वर्षें मेलेली समजलेली जेन अशी पुन्हां उजेडांत आली.

विद्यार्थी मित्रहो, ही कथा वाचून कोणास वाटेल कीं, एवढी विद्या तिच्या काय कामाला आली? तिनें तिला मुकुट मिळवून दिला नाहीं व तिचा जीवही वांचविला नाहीं. हें खरें आहे. पण सारें कांहीं हिरावून घेतलें गेल्यावर जें तिच्यापाशीं उरलें, तें तिनें ब्रॅडगेटच्या त्या एकांत खोलींत मिळविलेलेंच होतें. राज्य दुसऱ्यांनीं दिलें व दुसऱ्यांनींच काढून घेतलें; तिचें ज्ञान व तिची श्रद्धा मात्र कोणास काढून घेतां आली नाहीं. परीक्षेसाठीं केलेला अभ्यास परीक्षेबरोबर संपतो. अंतःकरणांत मुरलेला अभ्यास जीवनाच्या कठीण परीक्षेला उपयोगीं पडतो.

ह्या कथेंतून एका पंथाचा विजय व दुसऱ्याचा धिक्कार काढूं पाहणें मात्र योग्य होणार नाहीं. मेरीच्या कारकीर्दींत अडीचशेंहून अधिक प्रॉटेस्टंट लोकांना जिवंत जाळण्यांत आलें. त्यांत १५५६ सालीं क्रॅन्मरही होते. पण पुढें एलिझाबेथच्या राज्यांत एडमंड कॅम्पियनसारखे सज्जन कॅथॉलिक धर्मोपदेशकही फांसावर गेले. देवाच्या नांवानें माणसानें माणसाचा जीव घ्यावा, हें पाप कोणत्याही एका पंथाचें नव्हे. त्या अंधारांत जेन व फेकनम ह्यांच्यासारखीं माणसें दिव्यासारखीं दिसतात. आपलें मत सोडावयाचें नाहीं आणि दुसऱ्याचा द्वेषही करावयाचा नाहीं, हें त्यांना साधलें.

शेवटचा शब्द पालकांसाठीं आहे. जेनच्या आईबापांनीं तिला उत्तम शिक्षण दिलें, पण तिला कधीं विचारलें नाहीं. तिचें लग्न, तिचा मुकुट, तिचें मरण, सारेंच त्यांच्या हिशेबांत ठरत गेलें. आपल्यांपैकीं कोणाला मुलाला राजा करावयाचा नसेल. तथापि आपले अपुरे राहिलेले मनोरथ मुलांच्या शिरावर मुकुटासारखे ठेवण्याचा मोह कोणाला होत नाहीं? मूल ही देवानें आपल्यापाशीं विश्वासानें ठेविलेली ठेव आहे. तिच्यावर आपल्याला व्यापार करतां येत नाहीं. एल्मर गुरुजी पुढें लंडनचे बिशप झाले; परंतु त्या मोठ्या पदापेक्षां, एका धास्तावलेल्या मुलीला आपल्या खोलींत रोज थोडा वेळ निर्भय केलें, हेंच त्यांचें अधिक मोठें कार्य असें मला वाटतें. तें कार्य करण्यास बिशप व्हावें लागत नाहीं. प्रत्येक घरांत व प्रत्येक वर्गांत तें करतां येण्यासारखें आहे.